मुलांच्या भल्यासाठी खोटे बोलावे काय?



जून महिन्यात शाळा सुरू झाल्या की आपल्या धर्मग्रामात आठवी ते दहावीच्या मुलामुलींसाठी धर्मशिक्षणाचा एक तास व्यसनांच्या विषयासाठी राखून ठेवण्याची पद्धत आहे. पूर्वी या तासात दारू, गुटखा आणि सिगारेट एवढेच विषय असत. यंदा काही पालकांनी आग्रह धरला, "फादर, ह्या वेळी त्या व्हेपवर बोला." पेनासारखे किंवा पेनड्राइव्हसारखे दिसणारे, आंब्याचा नाहीतर पुदिन्याचा वास येणारे ते यंत्र मुलांच्या हाती कुठून येते, हे त्यांना कळत नव्हते. आणि ते दप्तरात सापडले तरी ओळखता येईल की नाही, याचीही त्यांना खात्री नव्हती.

आम्ही त्या विषयावर बोललो. तयारी केली आहे असे आम्हाला वाटत होते, परंतु खरे सांगायचे तर ती तयारी म्हणजे मोबाइलवर आलेले दोन-चार संदेश होते. आम्ही मुलांना सांगितले की, व्हेप हे सिगारेटपेक्षाही घातक आहे. अमेरिकेत ते ओढून हजारो मुलांची फुप्फुसे निकामी झाली. त्याने 'पॉपकॉर्न लंग' नावाचा असाध्य रोग जडतो. एकदा ओढले की त्यातून सुटका नाही! वर्गात शांतता पसरली. आम्हाला वाटले, बाण बरोबर लागला.

पुढच्या रविवारी मिस्सा संपल्यावर नववीतला एक मुलगा चर्चच्या अंगणात थांबून राहिला. (हे बोलणे पापनिवेदनातले नाही आणि त्याची परवानगी घेऊनच आम्ही ते येथे लिहीत आहोत.) तो म्हणाला, "फादर, रागावणार नसाल तर एक विचारू? तुम्ही सांगितलेलं मी शोधून बघितलं. व्हेपमुळे पॉपकॉर्न लंग झालेला एकही पेशंट नक्की सापडलेला नाही, असं लिहिलंय. इंग्लंडमध्ये तर सिगारेट ओढणाऱ्या मोठ्या माणसांना सांगतात, त्यापेक्षा हे घ्या. मग तुम्ही आम्हाला खोटं का सांगितलं?"

'तुमच्या भल्यासाठी' हे उत्तर आमच्या जिभेवर आले होते, पण ते उच्चारण्याचे धैर्य झाले नाही. त्या दिवसापासून हा प्रश्न आमच्या मनात घोळतो आहे आणि आज तो आपणांसमोर ठेवावा असे वाटते. मुलांचे भले व्हावे म्हणून त्यांना थोडे खोटे, थोडे वाढवून सांगितले तर काय बिघडले?

हा प्रश्न नवा नाही. ग्रीक तत्त्वज्ञ प्लेटो याने आपल्या 'रिपब्लिक' या ग्रंथात असा विचार मांडला आहे की, असत्य हे औषधासारखे आहे. ते सर्वसामान्यांच्या हाती देऊ नये, पण वैद्याने औषध द्यावे तसे राज्यकर्त्यांनी नगराच्या हितासाठी ते वापरावे. आपल्यापैकी बहुतेक आईवडील, शिक्षक आणि धर्मगुरू प्लेटोचे नाव न घेता त्याच्याच मार्गाने जात असतात. 'जेवला नाहीस तर बागुलबुवा येईल' इथपासून त्याची सुरुवात होते.

ख्रिस्तसभेचे थोर आचार्य संत ऑगस्टीन यांनी मात्र वेगळी वाट दाखवली. इ.स. ४२० च्या सुमारास कॉन्सेन्टियस नावाच्या एका श्रद्धावंताने त्यांना एक युक्ती विचारली. स्पेनमध्ये एक पाखंडी पंथ आपली मते लपवून ख्रिस्ती लोकांत वावरत असे. आपणही त्यांच्यातलेच आहोत असे खोटे सांगून त्यांना पकडावे काय? हेतू चांगला, काम चर्चचे! तरीही संत ऑगस्टीन यांनी या युक्तीला स्पष्ट नकार दिला आणि त्या विषयावर एक ग्रंथच लिहिला. त्यांच्या विचाराचा गाभा असा की, सत्याकडे माणसांना आणण्यासाठी आपण असत्य वापरू लागलो, तर पुढे आपण सत्य सांगू तेव्हा त्यावर कोणी आणि का विश्वास ठेवावा?

संत थॉमस अक्वायनस यांनी पुढे असत्याचे तीन प्रकार केले : घात करणारे, गंमतीचे आणि मदत करण्यासाठी बोललेले. मदतीसाठी बोललेल्या असत्याचा दोष सर्वांत कमी, हे त्यांनी मान्य केले. परंतु तेही असत्यच आहे आणि म्हणून ते चूकच आहे, असा त्यांचा निर्णय आहे. मात्र त्यांनी एक शहाणपणाची गोष्टही सांगितली आहे. खोटे बोलणे वेगळे आणि विवेकाने काही गोष्टी न सांगणे वेगळे. सहा वर्षांच्या मुलाला सर्व काही सांगण्याची गरज नाही, पण जे सांगायचे ते खरेच असले पाहिजे.

मग व्हेपविषयी खरे काय आहे? आम्ही पुन्हा बसून वाचले, धर्मग्रामातील एका डॉक्टरांकडून समजून घेतले. ते असे :

हे यंत्र तंबाखू जाळत नाही. त्यात एक द्रव असतो. प्रोपिलीन ग्लायकॉल, ग्लिसरीन, स्वादासाठी रसायने आणि बहुतेक वेळा निकोटीन. बॅटरीवर तापणारी तार त्या द्रवाचे बारीक तुषार बनवते आणि ते छातीत ओढले जातात. मुले त्याला 'पाण्याची वाफ' म्हणतात, ते खरे नाही. त्या तुषारांत तापलेल्या धातूचे सूक्ष्म कण आणि फॉर्मल्डिहाइडसारखी रसायनेही आढळली आहेत. परंतु जळत्या सिगारेटमधले डांबर आणि कार्बन मोनॉक्साइड त्यात नसते, हेही तितकेच खरे. म्हणूनच वर्षानुवर्षे सिगारेट ओढणाऱ्या प्रौढाने सिगारेट पूर्ण सोडून हे घेतले तर त्याची हानी कमी होते, असे इंग्लंडमधील आरोग्य सेवेचे म्हणणे आहे. २००३ च्या सुमारास हॉन लिक या चिनी औषधशास्त्रज्ञाने आजच्या ई-सिगारेटचा नमुना तयार केला तोही सिगारेटला पर्याय म्हणून. तो स्वतः धूम्रपान करणारा होता आणि त्याचे वडील फुप्फुसाच्या कर्करोगाने वारले होते.

पण ज्या मुलाने कधी सिगारेट ओढलीच नाही, त्याला यातून कोणता लाभ? काहीही नाही. त्याच्या वाट्याला फक्त हानीच येते. माणसाचा मेंदू साधारण पंचविसाव्या वर्षापर्यंत घडत असतो. या काळात निकोटीनची सवय लवकर जडते आणि लक्ष, स्मरण व मनावरचा ताबा यांवर तिचा परिणाम होतो. निकोटीनचे क्षार वापरून केलेल्या नव्या द्रवाने घसा जळत नाही. त्यामुळे पहिल्याच झुरक्याला खोकला येऊन सिगारेट फेकून देणारा मुलगा हे मात्र सहज ओढत राहतो. पंधरा-वीस वर्षे रोज ओढल्यावर काय होईल, याचे पूर्ण उत्तर आज कोणाजवळ नाही, कारण ही वस्तूच तेवढी जुनी नाही. मुलांना हेही तसेच सांगावे. 'ठाऊक नाही' म्हणजे 'धोका नाही' असा अर्थ होत नाही.

आणि अमेरिकेतील ती घटना? तीही खरी आहे. २०१९ साली तेथे फुप्फुसांच्या तीव्र आजाराची साथ आली. फेब्रुवारी २०२० पर्यंत २,८०७ जणांना रुग्णालयात जावे लागले किंवा मृत्यू आला. त्यांपैकी मृत्यूंची संख्या ६८ होती. परंतु तपासात आढळले की मुख्य कारण होते व्हिटॅमिन ई ॲसिटेट नावाचा तेलकट पदार्थ. गांजातील नशेचा घटक असलेल्या आणि बहुधा चोरट्या मार्गाने मिळवलेल्या द्रवात तो मिसळलेला असे. आम्ही वर्गात हा अर्धा भाग गाळला होता. गंमत अशी की, गाळलेला भागच आपल्या मुलांसाठी अधिक महत्त्वाचा आहे! भारतात २०१९ च्या कायद्याने ई-सिगारेटचे उत्पादन, आयात, वाहतूक, विक्री आणि जाहिरात यांवर बंदी आहे. पहिल्या गुन्ह्याला एक वर्षापर्यंत कैद किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही, आणि पुन्हा केल्यास तीन वर्षांपर्यंत कैद व पाच लाखांपर्यंत दंड. म्हणजे येथे मिळणारे प्रत्येक व्हेप चोरट्या मार्गानेच आलेले असते. त्यात काय भरले आहे हे विकणाऱ्यालाही ठाऊक नसते. हे सत्य पुरेसे गंभीर नाही काय? त्यावर मीठमसाला घालण्याची आम्हाला का गरज भासली?

उत्तर असे की, भीती लवकर काम करते आणि सत्याला वेळ लागतो. पण भीतीचे काम टिकत नाही. अमेरिकेत १९८३ साली लॉस एंजेलिस येथे पोलिसांनी वर्गात जाऊन अंमली पदार्थांविरुद्ध शिकवण्याचा 'डेअर' नावाचा उपक्रम सुरू झाला आणि तो देशभर पसरला. पुढे झालेल्या अनेक अभ्यासांत दिसून आले की, मुलांच्या प्रत्यक्ष वागण्यावर त्याचा फारसा परिणाम झाला नव्हता. याउलट १९९८ साली फ्लोरिडा राज्यात 'ट्रुथ', म्हणजे 'सत्य', या नावाचीच एक मोहीम निघाली. तिने मुलांना उपदेश केला नाही. तंबाखू कंपन्या तुम्हाला कसे गिऱ्हाईक बनवतात, ते तिने उघड करून दाखवले. त्या राज्यातील शाळकरी मुलांचे धूम्रपान लक्षणीय प्रमाणात घटले. मुलांना फसवले जाणे आवडत नाही. कंपनीने फसवलेले आवडत नाही, तसे फादरनी फसवलेलेही आवडत नाही.

येथे आम्हाला अधिक लाज वाटली. १४ एप्रिल १९९४ रोजी अमेरिकेतील सात मोठ्या तंबाखू कंपन्यांच्या प्रमुखांनी संसदीय समितीपुढे शपथेवर सांगितले की, निकोटीनचे व्यसन लागते असे आम्हाला वाटत नाही. २०१९ च्या जुलैमध्ये तशाच एका समितीपुढे न्यूयॉर्कमधील विद्यार्थ्यांनी साक्ष दिली की, 'जूल' या व्हेप कंपनीचा प्रतिनिधी आमच्या शाळेत बोलायला आला होता आणि आमचे उत्पादन पूर्ण सुरक्षित आहे असे त्याने सांगितले. विचार करा! वर्गात मुलांसमोर तो उभा राहिला आणि आम्हीही उभे राहिलो. त्याने धोका लपवला, आम्ही धोका फुगवला. त्याचा हेतू नफा होता, आमचा हेतू मुलांचे हित होते, हा फरक मोठा आहे हे मान्य. पण समोर बसलेल्या मुलाला आमचे हेतू दिसत नाहीत, त्याला फक्त शब्द ऐकू येतात. दोघांपैकी कोण खरे बोलतो हे त्याने कसे ओळखावे? आमच्या शब्दांचा खरेपणा एवढीच त्याच्याजवळ खूण आहे आणि तीच आम्ही पुसून टाकली होती.

त्या मुलाने आणखी एक प्रश्न विचारला होता. तो म्हणाला, "शरीर माझं आहे. मी कुणाला त्रास दिला नाही तर त्यात पाप कसलं?" याला केवळ 'शरीर हे पवित्र आत्म्याचे मंदिर आहे' एवढे उत्तर देऊन भागत नाही, जरी संत पौलाची ती शिकवण आपल्या श्रद्धेचा पाया आहे. आजचा मुलगा स्वातंत्र्याच्या भाषेत विचारतो, तर त्याला स्वातंत्र्याच्याच भाषेत उत्तर द्यायला हवे.

स्वातंत्र्य म्हणजे काय? आज मला हवे ते करता येणे, एवढेच? आज केलेली निवड उद्या मला बदलता आली पाहिजे, हा स्वातंत्र्याचा अर्धा भाग आपण विसरतो. संत ऑगस्टीन यांनी आपल्या 'कन्फेशन्स' या आत्मकथनात स्वतःच्या तरुणपणाविषयी लिहिताना सांगितले आहे की, वाकड्या इच्छेतून वासना जन्मली, वासनेच्या चाकरीतून सवय लागली आणि सवयीला विरोध न केल्यामुळे ती गरज बनली. अशा एकात एक अडकलेल्या कड्यांच्या साखळीने आपल्याला बांधून ठेवले होते, असे ते म्हणतात. सोळाशे वर्षांपूर्वी त्यांना निकोटीन ठाऊक नव्हते, पण व्यसनाची घडण त्यांनी नेमकी ओळखली होती. व्हेपचा पहिला झुरका बहुधा स्वतंत्र मनाने घेतलेला असतो. शंभराव्याबद्दल तसे म्हणता येत नाही. दोन तास मिळाले नाही तर चिडचिड, अस्वस्थता, अभ्यासात लक्ष न लागणे! हे ज्याला होते तो 'माझी मर्जी' म्हणत असतो, पण ती मर्जी आता त्या यंत्राची झालेली असते. देवाने दिलेले स्वातंत्र्य स्वतःच्याच हाताने गहाण टाकणे, यालाच आपण पाप म्हणतो. त्या मुलाला हे आम्ही सांगितले, तेव्हा तो काही बोलला नाही. पटले की नाही ते ठाऊक नाही. पण त्याने ऐकून घेतले.

आता थोडे आपल्या घरांकडे वळू या. २०१९ च्या जागतिक युवा तंबाखू पाहणीत भारतातील १३ ते १५ वयोगटातील ८.५ टक्के विद्यार्थी कोणत्या ना कोणत्या रूपात तंबाखू वापरत असल्याचे आढळले. म्हणजे व्हेपचा धोका नवा असला तरी जुना शत्रू घरातच बसलेला आहे. शाळेपासून शंभर यार्डांच्या आत तंबाखू विकू नये असा २००३ चा कायदा आहे. आपल्या परिसरात तो किती पाळला जातो, हे शाळेच्या वाटेवरून एकदा चालत गेल्यास कोणालाही दिसेल. मुलाच्या दप्तरात व्हेप सापडले म्हणून संतापणारा बाप त्याच मुलाला टपरीवरून सिगारेटचे पाकीट आणायला पाठवत असेल, तर त्या बापाचे शब्द किती खरे मानावेत? खोटे केवळ तोंडाने बोलले जात नाही, ते वागण्यातूनही बोलले जाते. दिवंगत पोप फ्रान्सिस यांनी २०१७ साली निर्णय घेतला की, २०१८ पासून व्हॅटिकनमध्ये सिगारेटची विक्री बंद करावी. त्या विक्रीतून व्हॅटिकनला उत्पन्न मिळत होते, ते सोडून देऊन हा निर्णय झाला. उपदेशाची किंमत अशी स्वतःच्या खिशातून मोजावी लागते.

त्यानंतरच्या रविवारी आम्ही त्याच वर्गात पुन्हा गेलो. "मागच्या वेळी आम्ही तुम्हाला काही गोष्टी चुकीच्या सांगितल्या, काही वाढवून सांगितल्या. त्याबद्दल क्षमा असावी," असे म्हणून सुरुवात केली. मुले एकमेकांकडे पाहू लागली. फादर माफी मागतात, हे त्यांना नवीन होते. मग वर लिहिलेले सर्व त्यांना सरळ सांगितले, आणि दाराशी एक पेटी ठेवली. नाव न लिहिता काय विचारायचे ते चिठ्ठीवर लिहून टाका, असे सांगितले.

अकरा चिठ्ठ्या आल्या. दहा चिठ्ठ्यांत साधे प्रश्न होते. अकराव्या चिठ्ठीत एवढेच लिहिले होते : 'सोडायचं असेल तर कोणाला सांगायचं? घरी सांगितलं तर मार पडेल.'

बंधुभगिनींनो, ती चिठ्ठी कोणाची हे आम्हाला ठाऊक नाही आणि ते शोधण्याचा प्रयत्न आम्ही करणार नाही. आपणही करू नये, ही कळकळीची विनंती. पहिल्या रविवारी आम्ही त्या मुलाला किंवा मुलीला काय सांगितले होते? 'एकदा ओढले की सुटका नाही!' ज्याला सुटायचे होते त्याच्या तोंडावर आम्हीच दार लावून घेतले होते. आमच्या खोट्याची खरी किंमत ही होती. लहानांना अडखळण करणाऱ्याच्या गळ्यात जात्याची तळी बांधून त्याला समुद्रात बुडवलेले बरे, असे प्रभू येशू म्हणाला. ते शब्द व्हेप विकणाऱ्याला लागू आहेतच, पण त्या दिवसापासून आम्ही ते स्वतःसाठीही वाचतो.

म्हणून त्या चिठ्ठीचे उत्तर येथे देत आहोत. बाळा, सुटका आहे. अनेकांनी सोडले आहे. पहिले काही दिवस जड जातात, मग हळूहळू सोपे होते. तंबाखू सोडू इच्छिणाऱ्यांसाठी शासनाची मोफत दूरध्वनी सेवा आहे, तिचा क्रमांक १८००-११२-३५६. आमचे दारही उघडे आहे. येऊन सांगितलेस तर प्रथम ऐकून घेऊ आणि तुझ्या संमतीवाचून घरी कळवणार नाही.

आणि पालकांनो, घरी सांगितले तर मार पडेल, असे आपल्यापैकी कोणाच्या तरी लेकराला वाटते आहे. ते लेकरू आपले नसेलच, असे कोणीही धरून चालू नये. उधळ्या पुत्राच्या दाखल्यातील बापाने मुलगा दुरून दिसताच धावत जाऊन त्याला मिठी मारली. त्याने प्रथम हिशेब विचारला नाही. त्या बापाने मुलाच्या चुकीला बरोबर म्हटले नाही, पण परत येण्याची वाट मोकळी ठेवली. आज रात्री जेवणाच्या वेळी आपल्या मुलाला एवढेच सांगा : 'तुझ्या हातून काही चुकले तर ते मला सांग. मी तुला मारणार नाही आणि खोटेही सांगणार नाही.' मात्र सांगितलेत तर ते पाळा.

सत्य आपल्याला मुक्त करील, असे प्रभूने वचन दिले आहे. आमच्या मुलांना सत्य सांगण्याचे आणि त्यांच्याकडून सत्य ऐकून घेण्याचे धैर्य तो आपणां सर्वांना देवो, ही प्रार्थना.

प्रभूमध्ये आपला,
प्रमुख धर्मगुरू